बंद पडलेला रोबोट कंट्रोलर पूर्ववत करणे: फर्मवेअर नव्याने भरण्याची सविस्तर पद्धत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लहान कारखान्यात कास्टिंग उचलून ठेवणारा चार अक्षांचा रोबोट हात बसवलेला असतो. त्याच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे हात चालवणाऱ्या बोर्डात, नवे फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला, यंत्र चालवणारा प्रोग्राम) भरत असताना नेमकी वीज जाते, आणि ती परत आल्यावर बोर्डावर पुरवठ्याचा लाल दिवा तेवढा लागतो. चालू असल्याची खूण म्हणून लुकलुकणारा हिरवा दिवा बंद असतो, लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही, आणि ‘बोर्ड गेला’ असे म्हणून तो खणात टाकला जातो. अशा बोर्डाची चिप बहुधा शाबूत असते. तिच्यातील लिखाण अर्धवट राहिलेले असते, आणि ते पुन्हा लिहिण्याची सोय चिप बनवणाऱ्यानेच आत ठेवलेली असते. मात्र ती सोय वापरण्याचा एक क्रम आहे. बोर्ड आधी वाचायचा, ओळखायचा, आणि मगच त्यात लिहायचे. हा क्रम मोडला, तर वाचवता आला असता असा डेटा आपल्याच हाताने पुसला जातो.

हा लेख एसटीएम३२ एफ४०५ आणि एफ४०७ या चिपांवर आधारलेल्या कंट्रोलरांपुरता आहे. महाविद्यालयीन रोबोट आणि लहान कारखान्यांतील घरगुती बांधणीचे हात यांत या चिपा मोठ्या प्रमाणावर आढळतात. नामांकित कंपन्यांच्या औद्योगिक रोबोटांचे मोठे कंट्रोलर कॅबिनेट मात्र या पद्धतीने उघडू नयेत. त्यांचे फर्मवेअर, सुरक्षा सर्किट आणि दुरुस्तीची पद्धत ही त्या कंपनीची स्वतःची असते, आणि तेथे झालेली चूक माणसाच्या अंगावर येऊ शकते.

बोर्ड का बोलत नाही

चिपमधील फ्लॅश मेमरीचा (वीज गेली तरी लिहिलेले टिकवणाऱ्या मेमरीचा) आरंभ ०८०००००० या पत्त्यावर होतो. (या लेखातील सर्व पत्ते सोळा-आधारी आहेत.) तेथील पहिल्या चार बाइटांत स्टॅकच्या, म्हणजे प्रोग्राम तात्पुरती माहिती ठेवतो त्या जागेच्या, आरंभाचा पत्ता असतो आणि पुढच्या चार बाइटांत, चिप सुरू होताच जेथे उडी मारायची त्या सूचनेचा पत्ता असतो. पुसलेल्या फ्लॅशमध्ये प्रत्येक बिट १ असतो, म्हणून ती वाचल्यावर सगळीकडे ‘एफएफ’ दिसते. फर्मवेअर भरताना साधन आधी सेक्टर (फ्लॅशचा एकदम पुसला जाणारा तुकडा) पुसते आणि मग लिहिते. या दोन क्रियांच्या मध्ये वीज गेली, तर चिप सुरू होताना एफएफएफएफएफएफएफएफ या अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याकडे जाते आणि तेथेच अडकते. यात काहीही जळालेले नसते.

चिपमध्ये आणखी एक प्रोग्राम असतो. १एफएफएफ०००० या पत्त्यापासून सुरू होणाऱ्या सिस्टिम मेमरीत उत्पादकाने कारखान्यातच एक बूटलोडर, म्हणजे बाहेरून फर्मवेअर घेऊन फ्लॅशमध्ये लिहिणारा छोटा प्रोग्राम, भरलेला असतो, आणि वापरणाऱ्याला तो पुसता येत नाही. रिसेटच्या क्षणी बूट० ही पिन ३.३ व्होल्टला आणि बूट१, म्हणजे पीबी२, ही पिन शून्याला असेल, तर चिप आपली फ्लॅश बाजूला ठेवून हा बूटलोडर चालवते. सारी दुरुस्ती या एका सोयीवर उभी आहे.

पहिली पायरी: मोटारींचा पुरवठा तोडणे

संगणक जोडण्याच्या आधी मोटारींचा २४ व्होल्टचा पुरवठा कनेक्टरपासून काढावा. स्विच बंद करणे पुरेसे नाही. चिप बूटलोडरमध्ये असताना तिच्या बहुतेक पिना तरंगत्या अवस्थेत असतात, म्हणजे त्यांच्यावर चिपचे नियंत्रण नसते, आणि काही स्टेपर ड्रायव्हरांची (मोटारी चालवणाऱ्या सर्किटांची) एनेबल पिन शून्य व्होल्टला चालू होणारी असते. अशा वेळी हात झटका देऊ शकतो. उलट, मोटारीची पकड सुटून वजनासह हात खालीही येऊ शकतो. म्हणून उभ्या अक्षाखाली लाकडी ठोकळा द्यावा, आणि शक्य असल्यास बोर्ड सोडवून टेबलावर घ्यावा. मी स्वतः बोर्ड काढूनच काम करतो, कारण हाताशेजारी वाकून पिना शोधताना लक्ष दोन ठिकाणी विभागले जाते.

दुसरी पायरी: बोर्ड डोळ्यांनी आणि मल्टिमीटरने तपासणे

कोल्हापुरात ही पायरी टाळून चालत नाही. फाउंड्रीजवळच्या शेडमध्ये लोखंडाची बारीक धूळ हवेतच असते. एफ४०५ च्या चौसष्ट पिनांच्या आवृत्तीत दोन शेजारच्या पिनांच्या मध्यांतील अंतर अवघे ०.५ मिलिमीटर असते, त्यामुळे मधल्या अरुंद फटीत पावसाळी दमटपणाबरोबर बसलेली धूळ दोन पिना जोडून टाकते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी ज्या दुकानांत आणि कारखान्यांत शिरले, तेथील काही बोर्ड आजही वापरात आहेत. त्यांच्या कनेक्टरांखाली गाळाचा पातळ थर आणि तांब्यावर हिरवट गंज सापडतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी बोर्ड स्वच्छ करावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि भिंगाखाली चिपच्या चारही बाजू पाहाव्यात.

त्यानंतर पुरवठा नसताना ३.३ व्होल्टची रेल (चिपला वीज पुरवणारी वाट) आणि ग्राउंड यांच्यामधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य ओहम आला, तर बोर्डावर शॉर्ट आहे आणि फर्मवेअरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा लागेल. रोध ठीक असेल, तर बोर्डाला फक्त यूएसबीवरून वीज द्यावी आणि तीन ठिकाणी व्होल्टेज पाहावे. रेलवर ३.३ च्या आसपास, रिसेट पिनवरही तितकेच, आणि व्हीकॅप पिनांना जोडलेल्या लहान कपॅसिटरांवर सुमारे १.२ व्होल्ट यायला हवेत. व्हीकॅपवरील आकडा विशेष बोलका आहे. हे १.२ व्होल्ट चिपच्या आतील रेग्युलेटर तयार करतो, त्यामुळे रेल ठीक असूनही व्हीकॅपवर काहीच नसेल किंवा चिप बोटाला चटका देण्याइतकी तापत असेल, तर चिपच बदलावी लागण्याची शक्यता मोठी असते. हे तीनही आकडे योग्य असतील, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

तिसरी पायरी: वीज, केबल आणि साधने

ज्या कारणाने बोर्ड बंद पडला, तेच कारण दुरुस्तीच्या वेळी पुन्हा घडू देऊ नये. डेस्कटॉपऐवजी चार्ज झालेला लॅपटॉप घ्यावा आणि बोर्डाला वीज त्याच्याच यूएसबीवरून द्यावी, म्हणजे मधेच लाइट गेली तरी काम अडणार नाही. शेजारी वेल्डिंग चालू असेल किंवा मोठी मोटार वारंवार सुरू होत असेल, तर थांबावे. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर येतो, म्हणून त्या दिवसांत हे काम सकाळी उरकणे श्रेयस्कर ठरते.

केबल डेटा वाहून नेणारी असावी. मोबाइलच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या काही केबलींत फक्त विजेच्या दोनच तारा असतात, आणि अशा केबलमुळे चांगला बोर्डही मृत भासतो. दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा डेटा तिच्यातून जातो का, हे आधीच पाहून घ्यावे. संगणकावर एसटीएम३२ क्यूब-प्रोग्रामर हे विनामूल्य सॉफ्टवेअर घालावे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. त्याशिवाय एसटी-लिंक हा लहान प्रोग्रामर आणि सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरीयल जोड जवळ असावा. सिरीयल जोडावर व्होल्टेज निवडण्याचा जंपर असेल, तर तो ३.३ वर ठेवावा.

चौथी पायरी: बोर्डाशी संपर्क साधणे

पहिला प्रयत्न यूएसबीवरून करावा. बूट० चे बटण दाबून धरावे, ते धरलेले असतानाच रिसेट दाबून सोडावे, आणि एक-दोन सेकंदांनी बूट० सोडावे. बूट० ची अवस्था रिसेट सुटल्यानंतर लगेच वाचली जाते, त्यामुळे दोन्ही बटणे एकदम सोडली तर प्रयत्न वाया जाऊ शकतो. बटण नसेल, तर बूट० चा जंपर ३.३ व्होल्टकडे लावून बोर्ड पुन्हा सुरू करावा. हे जमले की संगणकाला ०४८३ उत्पादक क्रमांकाचे आणि डीएफ११ उत्पादन क्रमांकाचे उपकरण दिसते. क्यूब-प्रोग्रामरमध्ये जोडणीचा प्रकार यूएसबी निवडावा, यादी ताजी करावी आणि कनेक्ट करावे.

उपकरण दिसले नाही, तर निष्कर्षाची घाई करू नये. या बूटलोडरला सिरीयल, कॅन आणि यूएसबी असे अनेक मार्ग उपलब्ध असतात, आणि ज्या मार्गावर त्याला प्रथम हालचाल जाणवते तो मार्ग धरून तो बाकीचे सोडून देतो. बोर्डाच्या सिरीयल पोर्टला एखादा डिस्प्ले, ब्लूटूथ मॉड्यूल किंवा सतत बोलणारा सेन्सर जोडलेला असेल, तर बूटलोडर त्यालाच संगणक समजतो आणि यूएसबीकडे वळत नाही. म्हणून यूएसबी सोडून बाकी सर्व जोडण्या काढाव्यात आणि पुन्हा प्रयत्न करावा. एवढ्यानेच ‘मृत’ ठरवलेले बोर्ड बोलू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरे कारण क्रिस्टलचे, म्हणजे चिपला नियमित ठोके देणाऱ्या भागाचे. या चिपांमध्ये यूएसबीच्या मार्गाला बाहेरच्या क्रिस्टलची गरज असते, त्यामुळे बोर्ड पडल्याने किंवा ठोक्याने क्रिस्टल तुटला असेल तर यूएसबी चालणार नाही, सिरीयल मात्र चालेल. विंडोजवर ड्रायव्हर नीट बसला नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणापुढे पिवळी खूण दिसते. लिनक्सवर परवानगीचा नियम घातलेला नसेल, तर उपकरण दिसूनही जोडणी नाकारली जाते.

सिरीयलच्या मार्गाने जाताना चिपची पीए९ ही पाठवणारी पिन जोडाच्या ग्राहक पिनला आणि पीए१० ही ग्राहक पिन जोडाच्या पाठवणाऱ्या पिनला लावावी, आणि ग्राउंड एकत्र करावे. येथे पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला बिट) ‘इव्हन’ लागते, आणि नेहमीच्या सिरीयल टर्मिनलच्या सवयीने ती ‘नन’ ठेवली तर उत्तर येत नाही. संगणक ७एफ हा बाइट पाठवतो, आणि बूटलोडर जागा असेल तर ७९ असे उत्तर देतो.

दोन्ही मार्ग अडले, तर एसटी-लिंक घ्यावा. त्याच्या एसडब्ल्यूडीआयओ तारेला पीए१३, एसडब्ल्यूसीएलके तारेला पीए१४, शिवाय ग्राउंड, रिसेट आणि ३.३ व्होल्टचा संदर्भ जोडावा. बिघडलेल्या फर्मवेअरने याच दोन पिना दुसऱ्या कामाला लावल्या असतील, तर साध्या जोडणीला चिप प्रतिसाद देत नाही. तेव्हा क्यूब-प्रोग्रामरमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ ही रीत निवडावी. रिसेटची तार उपलब्ध नसेल, तर बूट० ३.३ व्होल्टला ठेवून चिप सुरू करावी. मग ते फर्मवेअर चालतच नाही आणि पिना मोकळ्या राहतात.

जोडणी झाल्यावर सॉफ्टवेअर चिपचा ओळख क्रमांक दाखवते. एफ४०५ आणि एफ४०७ साठी तो ४१३ असतो. वेगळा क्रमांक आला, तर बोर्डावरची चिप आपण समजतो ती नाही, आणि हातातील फर्मवेअर तिच्यात भरू नये.

पाचवी पायरी: पुसण्याआधी वाचून ठेवणे

या पायरीसाठी मी वाचकाला आग्रहाने थांबवतो, कारण ती न केल्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील हात दुरुस्त करताना मी जोडणी होताच संपूर्ण चिप पुसली आणि नवे फर्मवेअर भरले. बोर्ड तत्काळ चालू झाला. परंतु प्रत्येक अक्षाचे शून्यस्थान, ग्रिपरच्या मर्यादा आणि शिकवलेल्या जागा हे सारे त्याच फ्लॅशच्या शेवटच्या सेक्टरमध्ये साठवलेले होते, आणि ते सर्व गेले. वीज गेली तेव्हा बिघडला होता तो फक्त सुरुवातीचा भाग. मोजमापांचा भाग मी स्वतः पुसला होता. हात पुन्हा शिकवण्यात कारखान्याचे दोन दिवस गेले.

म्हणून ०८०००००० पासून पूर्ण एक मेगाबाइट, म्हणजे १००००० इतक्या सोळा-आधारी लांबीचा मजकूर वाचून फाइलमध्ये ठेवावा. फाइलच्या नावात बोर्डाचा क्रमांक आणि तारीख घालावी. चिप एक मेगाबाइटची असेल, तर तिचे बारा सेक्टर असतात: पहिले चार १६ किलोबाइटचे, पाचवा ६४ चा, आणि उरलेले सात १२८ चे. शेवटच्या सेक्टरमध्ये सलग ‘एफएफ’ नसून काही मजकूर दिसत असेल, तर तो बहुधा मोजमापांचा असतो, आणि पुढे त्या सेक्टरला हात लावायचा नाही. काही बोर्डांवर हा डेटा वेगळ्या ईईप्रॉम (माहिती साठवणाऱ्या) चिपमध्ये असतो आणि फ्लॅश पुसल्याने त्याला धक्का लागत नाही. पण आपला बोर्ड तसाच आहे असे गृहीत धरू नये.

वाचन नाकारले गेले, तर ऑप्शन बाइट्समध्ये, म्हणजे चिपच्या सेटिंगांच्या बाइटांत, वाचन-संरक्षणाची पातळी पाहावी. पातळी ० म्हणजे चिप मोकळी. पातळी १ असेल तर मजकूर वाचता येत नाही, आणि ती ० वर आणताच चिप स्वतःच सारी फ्लॅश पुसून टाकते. तेथे डेटा वाचवण्याचा मार्ग उरत नाही, म्हणून बोर्डाच्या मालकाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी. पातळी २ कायमची असते. ती लावलेल्या चिपचे सिस्टिम बूटलोडर आणि एसटी-लिंक हे दोन्ही मार्ग बंद होतात. ऑप्शन बाइट्सच्या पानावर अकारण काही बदलू नये, आणि पातळी २ ची निवड तर कुतूहलापोटीही करू नये.

सहावी पायरी: योग्य फाइल, योग्य पत्ता

फर्मवेअर नेमक्या त्याच बोर्डाच्या नेमक्या त्याच आवृत्तीसाठीचे असावे. चिप तीच असली तरी पिनांची मांडणी बोर्डागणिक बदलते, आणि परक्या बोर्डाचे फर्मवेअर मोटारीची पिन भलत्याच दिशेने चालवू शकते. हेक्स प्रकारच्या फाइलमध्ये पत्ता आतच लिहिलेला असतो. बिन प्रकारच्या फाइलमध्ये तो नसतो, तो आपल्याला द्यावा लागतो, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात.

अनेक कंट्रोलरांत बोर्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा छोटा बूटलोडर फ्लॅशच्या आरंभी असतो आणि मुख्य फर्मवेअर त्यानंतर, उदाहरणार्थ ३२ किलोबाइट सोडून ०८००८००० वर, सुरू होते. असे फर्मवेअर ०८०००००० वर भरले, तर बोर्डाचा बूटलोडरही जातो आणि फर्मवेअरही चालत नाही. खात्रीसाठी बिन फाइल क्यूब-प्रोग्रामरमध्ये उघडून तिचे पहिले दोन शब्द (चार-चार बाइटांचे गट) ३२ बिटांच्या मांडणीत पाहावेत. पहिला बहुधा २००० ने सुरू होतो आणि २००२०००० च्या पुढे जात नाही. काही फर्मवेअरांत तो १००० नेही सुरू होतो. दुसरा ०८० ने सुरू होतो आणि विषम असतो. दुसऱ्या शब्दातील पत्ता ०८००८००० पेक्षा लहान असेल, तर ती फाइल त्या पत्त्यासाठी बांधलेली नाही हे उघड आहे. पहिले दोन्ही शब्द निरर्थक दिसत असतील, तर फाइल सांकेतिक रूपात बंद केलेली असू शकते. ती फक्त बोर्डाच्या स्वतःच्या बूटलोडरलाच उलगडते आणि थेट भरून उपयोग नाही.

बोर्डाचा बूटलोडरच बिघडला असेल, तर आधी तो ०८०००००० वर आणि मग मुख्य फर्मवेअर आपल्या जागी, असा क्रम ठेवावा. संपूर्ण चिप पुसण्याचे बटण टाळावे आणि लागणारे सेक्टरच पुसावेत. लिहिताना ‘व्हेरिफाय’ची खूण अवश्य करावी, म्हणजे लिहिलेले पुन्हा वाचून फाइलशी ताडले जाते. ताडताना फरक आला, तर एकदा पुन्हा लिहून पाहावे. फरक दरवेळी वेगळ्या पत्त्यावर येत असेल तर केबल किंवा पुरवठा संशयित आहे. तो दरवेळी त्याच पत्त्यावर येत असेल, तर फ्लॅशचा तो भाग थकलेला असू शकतो. या चिपांची फ्लॅश किमान १०,००० वेळा पुसण्या-लिहिण्यासाठी हमी दिलेली असते, आणि वारंवार मोजमापे साठवणारे सदोष फर्मवेअर ती मर्यादा ओलांडू शकते.

सातवी पायरी: बोर्ड पुन्हा हातावर बसवणे

बूट० मूळ जागी आणावा, कारण हा जंपर विसरला की यशस्वी दुरुस्तीनंतरही बोर्ड गप्पच राहतो. प्रथम फक्त यूएसबीच्या विजेवर बोर्ड सुरू करून हिरवा दिवा आणि सिरीयलवर येणारा फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक पाहावा. नंतर मोजमापांची यादी उघडून शून्यस्थाने, प्रत्येक अक्षाच्या मर्यादा आणि मोटारींच्या दिशा जुन्या नोंदींशी ताडाव्यात. फर्मवेअरची आवृत्ती बदलली असेल, तर जुन्या मोजमापांचा अर्थ नव्या आवृत्तीत वेगळा लागू शकतो, म्हणून आकडे जसेच्या तसे दिसले तरी एककांकडेही पाहावे.

मोटारींचा पुरवठा जोडताना शक्य असेल तर प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा बेंच सप्लाय वापरावा. ग्रिपर रिकामा ठेवावा आणि हाताच्या कक्षेत कोणी उभे राहू नये. आणीबाणीचे लाल बटण हालचाल सुरू होण्याआधी एकदा दाबून पुरवठा खरोखर तुटतो याची खातरजमा करावी, आणि मगच एकेक अक्ष सर्वांत कमी वेगाने होम, म्हणजे आरंभीच्या, स्थानाकडे न्यावा. लिमिट स्विच (अक्ष टोकाला आल्यावर दाबला जाणारा) हाताने दाबल्यावर अक्ष थांबतो हे प्रत्येक अक्षासाठी वेगळे पाहावे. एखादा अक्ष उलट्या दिशेने निघाला, तर तेथेच थांबून दिशेचे मोजमाप दुरुस्त करावे.

सर्व अक्ष होमला पोहोचल्यावर चिपमधील मजकूर पुन्हा एकदा पूर्ण वाचून ‘चालू स्थितीतील’ म्हणून वेगळ्या नावाने साठवावा. फर्मवेअरची आवृत्ती, मुख्य फर्मवेअरचा आरंभ पत्ता, मोजमापांचा सेक्टर आणि आजची तारीख या चार गोष्टी एका कागदी पट्टीवर लिहून ती कंट्रोलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी.